काळा डोह, गोड काळिमा आणि वर्गमैत्रिणीचे टिपण

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. वर्गातल्या सोबत्याने कवितेचा जो अर्थ लावला आहे, त्यावर आपण लेखी अभिप्राय द्यायचा तो कसा, हा तो विषय. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण पुढच्या दोन पत्रांतील बरेचसे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न : मी एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षात शिकते. आमच्या सरांनी बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर प्रत्येकाला एकपानी टिपण लिहायला सांगितले आणि नंतर प्रत्येकाने दोन सोबत्यांच्या टिपणांवर अभिप्राय लिहावा असे ठरले. माझ्याकडे आलेल्या पहिल्या टिपणात माझ्या मैत्रिणीने ही मृत्यूची कविता आहे असे म्हटले आहे. पांढरी पायवाट म्हणजे आयुष्य, काळा डोह म्हणजे मरण, आणि बालकवींचा रेल्वेखाली झालेला अकाली मृत्यू हा त्याचा पुरावा, अशी तिची मांडणी आहे. दुसऱ्या टिपणात एका वर्गमित्राने हे निव्वळ निसर्गचित्र असून त्यात आणखी काही शोधू नये, असे लिहून अर्ध्या पानात विषय संपवला आहे. मला पहिले टिपण ओढूनताणून लिहिलेले वाटते आणि दुसरे कंटाळा करून लिहिलेले वाटते. पण तसे लिहिता येत नाही. मागच्या वेळी मी ‘छान लिहिले आहेस, आवडले’ असा अभिप्राय दिला, तेव्हा सरांनी त्याखाली ‘यातून तिच्या हाती काय लागले?’ असा शेरा मारला. मैत्रीण दुखावेल ही भीती आहेच. मी काय लिहावे?
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : तुमच्या सरांचा शेरा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. अभिप्राय वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याला आपल्या टिपणाकडे आणि तिथून पुन्हा कवितेकडे जाण्याची वाट दिसली पाहिजे. ‘छान’ या शब्दाने ती दिसत नाही, आणि ‘ओढूनताणून’ या शब्दानेही दिसत नाही, कारण नेमके कुठे ओढले आणि कुठे ताणले हे त्यात सांगितलेले नसते. कविता आठच ओळींची आहे. सर्व वाचकांसमोर असावी म्हणून ती येथे देतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

मैत्रिणीचे टिपण थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी स्वतः या ओळींचा अन्वय लावा. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने आरंभीच एक प्रतिज्ञा केली आहे. ‘नामूलं लिख्यते किञ्चित् नानपेक्षितमुच्यते’, म्हणजे मूळात आधार नसलेले काही लिहीत नाही आणि गरज नसलेले काही बोलत नाही, हे तिचे उत्तरार्धातील शब्द पुष्कळांना पाठ असतात. पण त्याच्या आधीच्या चरणात आपण सर्व व्याख्या अन्वयाच्या द्वारेच करणार आहोत असे तो सांगतो, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्या क्रियापदाचा कर्ता कोण, कोणते विशेषण कोणाचे, हे न पाहता प्रतीकांकडे धाव घेण्याची सवय आपल्या वर्गांत फार आहे, आणि अभिप्राय देणाराही बहुधा तीच धाव घेतो.

सातवी ओळ पाहा. ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? घाईने वाचणाऱ्याला काळिमा आपोआप लाटांवर पसरतो आहे असे वाटते. परंतु त्यासाठी कवीला ‘पसरे’ हे रूप सहज मिळाले असते. ‘पसरी’ म्हणजे पसरवतो, आणि पसरवणारा शोधायला गेले की तो आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दात सापडतो. पाणी झाकोळून टाकणारा, लाटांवर गोड काळिमा पसरवणारा, पाण्यात पाय सोडून बसलेला, असला हा औदुंबर. शीर्षक दृष्टीआड केले तर एवढे सगळे करणारा कोण आहे हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. डोहाचा काळेपणा निदान काही अंशी या झाडाचीच सावली आहे, असे माझ्या अन्वयातून निघते. दुसऱ्या कोणी वेगळा अन्वय लावला तर त्याच्याशी व्याकरणावर वाद घालता येईल, आणि तसा वाद निष्फळ ठरत नाही.

याच ओळीतील ‘काळिमा’ हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. रोजच्या मराठीत तो ‘फासणे’ या क्रियापदाला चिकटूनच येतो आणि कुळाला, गावाला, नावाला लागलेला बट्टा सांगतो. त्याच्यामागे ‘गोड’ हे विशेषण लावणे हे मोठे धाडस आहे. कवितेचा कोणताही अर्थ लावणाऱ्याला या दोन शब्दांना उत्तर द्यावेच लागते.

आता मैत्रिणीचे टिपण हातात घ्या आणि प्रथम त्याचे बळ शोधा. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभे राहता येत नसे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतकेच, जमल्यास त्याच्याहून चांगले मांडून दाखवावे, ही त्यातली अपेक्षा होती. त्या कसोटीला तुम्ही उतरू शकता, कारण तिच्या अर्थाला कवितेत खरोखर आधार आहे. ‘हिरवाळी’, ‘हिरवी गर्दी’, ‘हिरव्या कुरणामधुन’ असा हिरवा रंग तीनदा येतो आणि सहाव्या ओळीच्या मध्यावर तो संपून काळा सुरू होतो. पायवाट वस्तीकडच्या मळ्यांतून निघून डोहाकडे जाते आणि तिच्या परतण्याचा उल्लेख नाही. शिवाय एक गोष्ट तिने पाहिलेली दिसत नाही. ‘पैल’ हा शब्द कवितेत दोनदा आला आहे, आणि मराठी कानाला पैलतीर म्हटले की मरणापलीकडचा काठ आठवतो. हा मुद्दा तुम्ही तिला अभिप्रायात देऊन टाका. मात्र त्याबरोबर हेही दाखवा की या कवितेत चार घरांचे चिमुकले गाव पैल टेकडीकडे आहे, म्हणजे पलीकडे जिवंत वस्ती आहे. तेव्हा हा शब्द तिच्या बाजूने साक्ष देईल की विरुद्ध, हे तिचे तिला ठरवावे लागेल.

त्यानंतर अडचण मांडा. काळा डोह म्हणजे मरण असेल तर काळिमा गोड कसा, आणि तो औदुंबरच पसरवत असेल तर औदुंबर कोण, या दोन प्रश्नांना तिच्या टिपणात उत्तर नाही. उत्तर देता येणार नाही असे मी म्हणत नाही. मरणाला न भिणारी, त्याच्या सावलीत पाय सोडून बसणारी वृत्ती असा अर्थ ती पुढे नेऊ शकेल, आणि तसा नेला तर तिचे टिपण आजच्यापेक्षा पुष्कळ चांगले होईल.

अपघाताच्या पुराव्याविषयी मात्र स्पष्टपणे लिहावे. बालकवींचा जन्म १८९० चा, आणि खानदेशात भादलीजवळ रेल्वेगाडीखाली त्यांचा अंत झाला तो ५ मे १९१८ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ही हकिगत एकदा कळली की डोह आपोआप अधिक काळा दिसू लागतो. परंतु तो काळेपणा वाचकाने नंतर ओतलेला असतो. कविता लिहिणाऱ्या हाताला आपले मरण ठाऊक नव्हते. केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव झाकून कविता दिल्या होत्या आणि त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया मागवल्या होत्या. १९२९ मध्ये त्यांनी त्या प्रतिक्रिया विश्लेषणासह प्रसिद्ध केल्या, आणि नावाचा आधार काढून घेतला की शिकलेसवरलेले वाचकही किती भलतीकडे जातात, हे त्यातून दिसले. तुमच्या मैत्रिणीला उपदेश न करता एवढेच विचारा, की कवीचे नाव झाकले तर तुझे कोणते वाक्य टिकेल आणि कोणते गळून पडेल?

दुसरे टिपण तुम्हाला कंटाळ्याने लिहिलेले वाटते, पण कंटाळ्याचा आरोप अभिप्रायात करू नये, कारण तो लिहिणाऱ्यावर होतो आणि टिपण तसेच राहते. त्या वर्गमित्राच्या म्हणण्यात एक शहाणपण आहे. कवितेला आधी दिसू द्यावे, मग बोलवावे, असे त्याला बहुधा म्हणायचे असावे, आणि ते त्याच्या वतीने तुम्ही लिहिले तरी चालेल. नंतर त्याला ‘बसला’ या शब्दाकडे न्या. झाड उभे असते. हे झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे. गाव आहे पण गावकरी दिसत नाही, मळे आहेत पण राबणारा दिसत नाही, पायवाट आहे पण तिच्यावर कोणी चालत नाही. माणसाची बैठक एकट्या झाडाला मिळाली आहे. निव्वळ निसर्गचित्रात या एका शब्दाची सोय कशी लावायची, हा प्रश्न त्याला अर्ध्या पानाच्या पुढे घेऊन जाईल.

नमुना म्हणून मैत्रिणीसाठी मी असे काहीसे लिहिले असते : “पायवाट वस्तीकडून निघून डोहाकडे जाते आणि तिच्याबरोबर रंगही हिरव्याकडून काळ्याकडे सरकतात, हे तुझे निरीक्षण माझ्या वाचनातून निसटले होते. मृत्यूचा अर्थ मात्र मला ‘गोड काळिमा’ या शब्दांपाशी अडलेला वाटतो. ‘पसरी’चा कर्ता तू कोण मानतेस ते टिपणात आलेले नाही, औदुंबर मानलास तर तुझ्या मांडणीत त्याची जागा काय, हेही लिहावे लागेल. अपघाताचा परिच्छेद काढून टाकून बघ. माझ्या मते तुझे म्हणणे त्याच्याशिवाय उभे राहते, आणि त्या जागेत शेवटच्या दोन ओळींविषयी लिहिता येईल.” यात स्तुती आहे, पण ती एका ओळीला बांधलेली आहे, हरकत आहे, पण ती एका शब्दाला बांधलेली आहे.

मैत्रीण दुखावण्याविषयी विचारता, तर माणूस हरकतीने जितका दुखावतो त्याहून अधिक शेऱ्याच्या सुराने दुखावतो, असा माझा अनुभव आहे. मी विद्यार्थी असताना एका सहाध्यायाच्या निबंधावर ‘कल्पनेच्या भराऱ्या’ असे दोन शब्द मोठ्या ऐटीत लिहिले होते. पुढे ती कविता मी स्वतः शिकवायला घेतली तेव्हा त्याची ‘भरारी’ तिसऱ्या कडव्यातील एका अव्ययावर नीट टेकलेली होती, हे माझ्या ध्यानात आले. ते अव्यय मी वाचलेच नव्हते. तेव्हापासून ‘मला पटले नाही’ आणि ‘कवितेत मला याचा आधार सापडला नाही’ ही दोन वाक्ये मी वेगळी ठेवतो. पहिल्यावर समोरचा गप्प बसतो, दुसऱ्यावर तो आधार शोधायला जातो, आणि कधी कधी तो घेऊन परत येतो.

तुम्हाला स्वतःला सुचलेला अर्थ अभिप्रायात मांडू नका. ‘मला वाटते औदुंबर म्हणजे…’ अशी सुरुवात झाली की पुढचे सगळे तुमच्याच टिपणाचे उरलेले पान होते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अकरावीच्या मुलांना एकमेकांची रसग्रहणे तपासायला दिली तर सर्वांचे अभिप्राय सारखेच येतात. ‘कवीची शब्दरचना सुंदर टिपली आहे’, ‘आशय छान उलगडला आहे’, आणि दहापैकी आठ गुण. ज्ञानेश्वरीतील ‘माझा मऱ्हाटाचि बोलु कौतुकें’ या ओवीवर एका मुलाने ‘ज्ञानेश्वरांनी मराठीची स्तुती केली म्हणून कौतुक हा शब्द आला’ असे लिहिले होते आणि त्यालाही तीन जणांनी ‘सुंदर’ म्हटले. हा उपक्रम सोडून द्यावा का?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : सोडू नये, पण गुण देण्याचे काम मुलांकडून काढून घ्यावे. हातात गुण आले की मुले एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे परीक्षेच्या उत्तराचे कप्पे आहेत. अभिप्रायही त्याच कप्प्यांत लिहायला लावला की ठरीव वाक्यांना ठरीव वाक्यांनीच दाद मिळते. त्याऐवजी प्रत्येकाने सोबत्याच्या रसग्रहणातील एकच विधान निवडावे, ते कवितेतील कोणत्या शब्दावर उभे आहे त्या शब्दाखाली रेघ ओढावी, आणि शब्द सापडला नाही तर तसे लिहावे, एवढेच सांगून पाहा. पहिल्या तासाला वर्ग शांत बसेल. बसू द्या.

‘कौतुकें’चे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. अर्थ लावण्यात मतभेद असू शकतात, पण शब्दाचा त्या काळातला अर्थ चुकला असेल तर ते सरळ सांगितले पाहिजे. तिथे ‘तुझेही बरोबर, माझेही बरोबर’ असे म्हणणे म्हणजे सोबत्याला अंधारात ठेवणे आहे. कौतुक या शब्दात लीला, नवल, कुतूहल या छटा होत्या आणि आजचा ‘शाबासकी’चा अर्थ त्या ओवीवर लादता येत नाही. पुढच्याच चरणातील ‘परि’ हा शब्द त्या मुलाला दाखवा. बोल मराठीच आहेत खरे, पण अमृताशी पैज जिंकतील, असा तो ‘पण’ आहे. आधीच्या चरणात नुसती स्तुती मानली तर या ‘पण’ला काही कामच उरत नाही. वर्गात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा महाराष्ट्र शब्दकोशाचा एक खंड टेबलावर ठेवावा आणि अभिप्राय लिहिणाऱ्याने एक तरी शब्द त्यात पाहून आल्याशिवाय लिहू नये, असा नियम करावा. कोशाने चूक दाखवली की ती सोबत्याने दाखवली असे होत नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून आता मराठीत एम.ए. करतो आहे. वर्गातील मुले मला काका म्हणतात आणि माझ्या टिपणांवर ‘काका, मस्त!’ यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. योगायोगाने आम्हालाही ‘औदुंबर’च होती. माझे गाव कृष्णाकाठचे आहे आणि आमच्या घाटाखाली पाण्यात मुळे सोडलेला एक औदुंबर होता. त्याच्याखाली आजीबरोबर बसून खाल्लेल्या डब्याची आठवण, झाडाखाली पाणी कसे काळे दिसे त्याचे वर्णन आणि औदुंबर म्हणजे दत्ताचे स्थान, हे सर्व मी टिपणात लिहिले. एका मुलीने तेवढे धाडस करून ‘हे तुमचे आहे, कवितेचे नाही’ असे लिहिले. तिचे म्हणणे बरोबर आहे का, आणि बाकीच्यांकडून खरे मत कसे काढून घ्यावे?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : त्या मुलीचे आधी आभार माना, आणि ते वर्गात सर्वांसमोर माना, तसे केल्यास पुढच्या वेळी आणखी दोघेतिघे लिहितील. वयाचा मान ठेवणे हा आपल्याकडचा संस्कार आहे आणि तो मुलांनी सोडावा असे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना सोयीचे होईल असे काही तुम्हीच करावे. सात-आठ जणांची टिपणे नाव न घालता टाइप करून एकत्र वाटावीत, म्हणजे कोणते टिपण काकांचे हे कळणार नाही (तुमच्या टिपणात कृष्णाकाठ आला तर कळेलच, त्याला इलाज नाही). ते जमत नसेल तर आपल्या टिपणातील ज्या वाक्याविषयी तुम्हालाच शंका आहे त्याच्या समासात स्वतः प्रश्नचिन्ह काढून द्या. वडीलधाऱ्या माणसाच्या लेखनात चूक काढणे मुलांना जड जाते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे जड जात नाही.

तिचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. दत्ताचा उल्लेख केवळ तुमचा नाही. औदुंबर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात नृसिंहवाडी आणि तुमच्याच जिल्ह्यातले औदुंबर क्षेत्र येणारच, आणि शांत, विरक्त बैठकीचा भास त्यामुळे गडद होतो. पण या कवितेत पार नाही, पादुका नाहीत, दिवा नाही, तेव्हा हा संदर्भ एका वाक्यात सांगून थांबावे. त्याच्यावर सगळा अर्थ उभारू नये. आठवणीचे दोन भाग करा. भर दुपारीही झाडाखालचे पाणी काळे दिसे आणि त्या काळ्या पाण्यात पाय सोडले की गार वाटे, हे पाहिलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय शहरात वाढलेल्या मुलांना ‘गोड काळिमा’ हे शब्द नुसते अलंकारिक वाटतील, म्हणून तेवढी दोन वाक्ये ठेवा. आजीचा डबा काढून टाका.